काम बदलणे परवडले पाहिजे

कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काच कारखाना उभा राहिला आणि पुढे तेथे तयार होणारा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत पोहोचला. आमच्या आजोळी तो पडवीतल्या खुंटीला असे. दिवेलागणीच्या आधी त्याची काच राखेने पुसण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान पोराकडे येई, कारण मोठ्यांचा हात काचेत जात नसे. तापलेल्या काचेला एकसारखी जाडी देणे किंवा रॉकेलची टाकी झिरपणार नाही अशी जोडणे हे काम दोन-चार महिन्यांत येणारे नव्हे. तेव्हा तो कंदील घडवणारे लोक कसबी होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुढे त्याच सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण झाले, साठच्या दशकात तेथे वीज तयार होऊ लागली, गावोगाव तारा पोहोचल्या आणि कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला. ओगलेवाडी हे नाव तेवढे राहिले.

मनुष्यबळ ‘भविष्यातील कामांसाठी सज्ज’ करण्याची भाषा आज सरकारी परिपत्रकांपासून महाविद्यालयांच्या जाहिरातींपर्यंत सर्वत्र ऐकू येते, तेव्हा मला ओगलेवाडीचा तो कारागीर आठवतो. १९४० साली त्याला भविष्यासाठी सज्ज करायचे कोणी ठरवले असते, तर नेमके काय शिकवले असते? विजेचे दिवे बनवणे, की प्लॅस्टिकचे साचे, की ट्रॅक्टरची दुरुस्ती? अंदाज करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे अंदाज चुकले असते, आणि ज्याचा बरोबर आला असता त्याचे कोणी ऐकले नसते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये टर्नर (लेथवर धातू कातणारा कारागीर) या व्यवसायाचा निदेशक म्हणून नोकरीची सारी वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की उद्या कोणते कौशल्य लागेल याचा अंदाज बांधण्यात आपण जितकी शक्ती घालवतो, तिच्या निम्मी शक्ती जरी कष्ट करणाऱ्या माणसाला एक काम सोडून दुसरे शिकणे परवडावे यासाठी खर्च केली, तरी बरेच काही साधेल. परवडणे हा शब्द मी हिशेबाच्या अर्थानेच वापरतो आहे. शिकण्याच्या काळात घरची चूल कशी पेटणार, घेतलेल्या उचलीचे काय होणार आणि शिकून झाल्यावर काम मिळाले नाही तर परत कोठे जायचे, असा तो हिशेब आहे.

जागतिक बँकेने २०१६ च्या आपल्या विकास अहवालात म्हटले होते, की भारतातील ६९ टक्के रोजगार तांत्रिकदृष्ट्या यंत्राकडे जाऊ शकतात. आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. तो ‘तांत्रिकदृष्ट्या’ या एका शब्दावर उभा होता आणि नेमका तोच शब्द चर्चेतून गळून पडला. यंत्राला काय करता येते आणि मालक यंत्र का विकत घेतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडची ऊसतोड पाहावी. कृष्णा-वारणा काठच्या कारखान्यांचा हंगाम वर्षानुवर्षे बीडकडून, आणि आपल्याच जत-आटपाडीकडून येणाऱ्या टोळ्यांवर चालत आला. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यावर मुकादमाने दिलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत सहा महिने पाचटाच्या खोपीत राहणे, अशी ती व्यवस्था. ऊस तोडण्याचे यंत्र जगात कित्येक दशकांपासून होते, तरी ते आपल्या शेतांत दिसत नव्हते, कारण माणूस स्वस्त होता आणि आपल्या अरुंद सरीत ते यंत्र चालतही नव्हते. आता ते दिसू लागले आहे. टोळ्या पुरेशा येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत, उचल घेऊन मुकादम फिरकलाच नाही म्हणून वाहतूकदार पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात, आणि या सगळ्याला कंटाळलेला शेतकरी साडेचार-पाच फुटांची सरी पाडून यंत्राची वाट पाहतो. म्हणजे यंत्राने माणसाला हुसकावले, ही गोष्ट निम्मीच खरी आहे. पुष्कळ ठिकाणी माणूस आधी निघून गेला आणि यंत्र त्याच्या मागून आले.

मात्र खरी मेख पुढे आहे. त्या यंत्राला चालक लागतो. त्याला हायड्रॉलिक्सची गळती ओळखता यावी लागते, पात्याची उंची जमिनीप्रमाणे बदलता यावी लागते, आणि रात्री दोन वाजता फडात यंत्र बंद पडले तर कोणता पाइप फुटला हे निदान फोनवरून तरी सांगता यावे लागते. उसाचा बुडखा कोठे छाटावा, पडलेला ऊस कसा उचलावा, ओल्या रानात काय होते, हे ज्याला पिढीजात ठाऊक आहे तो कोयतेकरी या जागेसाठी सर्वांत लायक उमेदवार आहे. तरीही यंत्रावर बसलेला दिसतो तो बहुधा ट्रॅक्टर असलेल्या घरातला, दहावी-बारावी झालेला मुलगा. कोयतेकऱ्याला यंत्र शिकता येणार नाही असे मुळीच नाही. शिकण्याचे आठवडे काढायचे तर त्या आठवड्यांची उचल कोण फेडणार, बायकोचा अर्धा कोयता एकटा कसा चालणार आणि पोरे कोठे ठेवायची, या प्रश्नांपाशी तो अडतो. अभ्यासक्रम मोफत आहे, असे त्याला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला ताट फुकट देण्यासारखे आहे.

आता शिकलेल्यांकडे वळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने निघालेल्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात २०२२ ची परिस्थिती दिली आहे: पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या तरुणांतील ३.४ टक्के. या आकड्यांवरून शिक्षण वाया जाते असा निष्कर्ष काढणारे लोक आपल्या भोवती कमी नाहीत. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही त्याला बेरोजगार राहण्याची सोयच नसते. तो मिळेल ते काम करतो आणि पाहणीत रोजगारवाला म्हणून मोजला जातो. पदवीधर थांबू शकतो, कारण त्याचे आई-बाप त्याला थांबवून घेतात. सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेचे पाचवे-सहावे वर्ष काढणारी मुले या थांबण्याचेच उदाहरण आहेत, आणि त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. समोरच्या पायऱ्यांपैकी एकच पायरी पक्की आहे असे त्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्यावरच गर्दी करतात.

ही गर्दी होण्यात आमच्या भागाचा थोडा हात आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. सांगलीत वालचंद महाविद्यालय १९४७ पासून होते, पण त्याच्या जागा मोजक्या, आणि ऐपत असलेली मराठी मुले कर्नाटकात जाऊन पैसे भरून शिकत होती. त्या परिस्थितीत तो निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. शेतकऱ्याची पोरे अभियंता झाली ती त्यामुळेच. चूक पुढच्या चाळीस वर्षांत झाली. इमारती आणि प्रवेशक्षमता वाढत गेल्या, पण कार्यशाळेत लेथवर हात न घालता यांत्रिकी अभियंता होता येते, ही गोष्ट कोणाला खटकेनाशी झाली. असे अभियंते नंतर आमच्या संस्थेत निदेशकाच्या जागेसाठी अर्ज करीत, तेव्हा टूल बिट, म्हणजे लेथचे कापणारे हत्यार, घासायला सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटत, त्यांत त्यांचा दोष नव्हता.

माझ्या स्वतःच्या व्यवसायात मला जे दिसले ते याहून साधे आहे. टर्नरच्या वर्गात येणारा मुलगा दहावी पास असतो. पहिले काही आठवडे फाइलने लोखंड घासून काटकोन साधणे, मग व्हर्निअर वाचणे, मग लेथ. हात बहुतेकांचे चांगले असतात. शेतात वाढलेल्या पोराला हत्याराची भीती नसते. गाडी अडते ती ड्रॉइंगवर ‘अधिक शून्य, उणे शून्य दशांश शून्य दोन’ अशी मर्यादा दिसली की. दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांचा अर्थ ज्याला कळत नाही, तो उत्तम कारागीर होऊनही दुसऱ्याने सेट केलेल्या यंत्रावर आयुष्यभर नग भरणारा कामगार राहतो. कुपवाडच्या किंवा शिरवळच्या वसाहतीत संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर नग भरणारा आणि त्याच यंत्राचा प्रोग्रॅम बदलणारा, या दोघांच्या पगारात आणि नोकरीच्या भरवशात जे अंतर आहे, ते मूलतः पाचवी-सहावीच्या गणिताचे अंतर आहे. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत, देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून कमी मुलांना जमले, आणि सुमारे पाव मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही. ज्या देशात ही स्थिती आहे, तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम आठवीत आणावा की नववीत यावर परिसंवाद घेणे म्हणजे पाया न खणता गच्चीवर कुंड्या कोणत्या ठेवायच्या याची चर्चा करणे होय. काम बदलायचे तर नव्या कामाची पुस्तिका वाचता आली पाहिजे. भागाकार आणि वाचन ही दोन कौशल्ये शंभर वर्षांपूर्वी उपयोगाची होती आणि पुढेही राहतील, एवढे भाकीत मी छातीठोकपणे करू शकतो.

शिकण्याची दुसरी एक रीत आमच्या दुष्काळी पट्ट्याने स्वतःच्या बळावर उभी केली आहे, आणि कौशल्यविकासाच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील आणि लगतच्या माण-खटावमधील गलाई कारागीर देशभरातील सराफ पेठांत पसरलेले आहेत. जुने दागिने आटवून सोने-चांदी शुद्ध करून देणे हा त्यांचा धंदा. विट्याजवळच्या एखाद्या गावात घराच्या फाटकावर केरळातल्या किंवा बिहारमधल्या शहराचे नाव दिसले, तर ते घर गलाईवाल्याचे समजावे. यातला एकही माणूस हा धंदा शाळेत शिकलेला नाही. दहावीनंतर, पूर्वी तर त्याच्याही आधी, मुलगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानी जातो. आधी झाडलोट, चहा, भट्टीजवळ उभे राहणे. मग मूस धरणे, तेजाब कधी ओतायचे ते पाहणे. आणि काही वर्षांनी टंच (सोन्या-चांदीचा कस) काढण्याइतकी नजर तयार झाली, की मालकाच्याच उधारीवर दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान. या रीतीत पिळवणूक आहे, तेजाबाच्या धुराने छाती खराब होते, आणि परक्या मुलखात चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला काय येते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्यात तीन गोष्टी एकत्र आहेत ज्या आपल्या कोणत्याही सरकारी योजनेत एकत्र सापडत नाहीत: शिकताना पोट भरते, शिकवणाऱ्याचे हित शिकणाऱ्यात गुंतलेले असते, आणि शिकून झाल्यावर पुढची पायरी समोर दिसत असते.

२०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार १५ ते २९ वयोगटातील अवघ्या ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले आहे. अनौपचारिक मार्गाने शिकलेले आणखी १६.६ टक्के आहेत. म्हणजे शिकण्याचे बहुतेक काम हा देश मामाच्या दुकानात, गॅरेजमध्ये आणि गवंड्याच्या हाताखालीच करतो. सगळा निधी आणि सगळ्या योजना मात्र त्या ४.४ टक्क्यांच्या बाजूला.

गलाईचाही काळ आता बदलतो आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, एप्रिल २०२३ पासून अशा दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांकही बंधनकारक झाला, आणि ज्या नजरेसाठी पोरगे दहा वर्षे भट्टीजवळ उभे राहायचे ते टंचाचे काम क्ष-किरणांचे यंत्र काही सेकंदांत करते. येथे प्रश्न केवळ टंच काढणाऱ्याच्या कमाईचा नाही. कोणत्याही धंद्यात नवशिक्याला दिले जाणारे काम फारसे कौशल्याचे नसते. ते करता करता तो धंद्यात उभा राहतो. तेच पहिले काम यंत्राने घेतले, तर दहा वर्षांनी त्या धंद्यात जाणता माणूस येणार कोठून? पुण्यात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत गेलेली आमच्याकडची मुले आज हेच सांगतात. नव्या माणसाला पूर्वी जे किरकोळ कोड लिहायला, चाचण्या घ्यायला किंवा अहवाल तयार करायला देत, ते काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेता येते. अनुभवी माणूस हवा आहे, पण अनुभव द्यायला कोणी तयार नाही. भट्टीजवळचे पोरगे आणि हिंजवडीतला नवा अभियंता यांची अडचण एकच आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही.

म्हणून प्रशिक्षणाची जागा वर्गातून कामावर नेली पाहिजे. ही कल्पना साताऱ्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आज केवळ गरीब मुलांसाठीची सोय म्हणून सांगितली जाते. पण भाऊराव शिक्षणाकडे वळण्यापूर्वी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरासाठी गावोगाव हिंडलेले होते. १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आसपासच्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसांना हाताशी धरून कारखाना कसा उभा केला, हे त्यांना जवळून दिसले होते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असे मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलखात ओतकाम आणि यंत्रकाम करणारे कसबी कामगार तयार झाले, ते कोणत्याही प्रमाणपत्राविना. हाताने केलेल्या कामातून बुद्धी घडते हा भाऊरावांचा विश्वास अशा अनुभवातून आला असावा, असा माझा तर्क आहे.

आज याला कायद्याचे नाव शिकाऊ उमेदवारी असे आहे. १९६१ चा कायदा आहे, त्याचे नियम २०१९ मध्ये सुधारले आहेत, आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कागदावर हे उत्तम दिसते. प्रत्यक्षात कुपवाड किंवा सातारच्या औद्योगिक वसाहतीतली असंख्य युनिटे आठ-दहा माणसांची असतात आणि या बंधनाबाहेर पडतात. जी मोठी आहेत त्यांच्यापैकी काहींनी शिकाऊ उमेदवार म्हणजे कमी पगाराचा कामगार असा अर्थ लावून घेतला आहे. माझा एक विद्यार्थी एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ म्हणून होता. ते वर्ष त्याने एकाच ड्रिल यंत्रावर एकाच मापाची भोके पाडण्यात काढले आणि शेवटी प्रमाणपत्र आणून मला दाखवले. त्याला काय म्हणावे हे मला सुचले नाही.

याला उपाय सहकाराच्या मुलखाला सुचायला हवा होता. दहा लहान युनिटांनी मिळून वीस उमेदवार घ्यावेत, त्यांना सहा-सहा महिन्यांनी एका युनिटमधून दुसऱ्यात पाठवावे, म्हणजे एकाकडे ओतकाम, दुसऱ्याकडे यंत्रकाम, तिसऱ्याकडे तपासणी असे फिरत शिक्षण होईल. आणि या व्यवस्थेचा खर्च व हिशेब तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने सांभाळावा. आमच्या साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे नाना कारणांसाठी कपाती केल्या आहेत. त्यांतल्या एखाद्या रुपयातून ऊसतोड कामगारांना हंगामाच्या शेवटी यंत्र शिकवता आले असते. (कपात हा शब्द निघाला की सभेत खुर्च्या उडतात, हे मला माहीत आहे.)

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा मला आशा वाटली होती. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन, सहा महिने. पुढे ती मुदत वाढवली गेली. शिकताना पोट भरले पाहिजे हे तत्त्व सरकारने मान्य केले, ही मोठी गोष्ट होती. परंतु पुष्कळ उमेदवार ग्रामपंचायती, शाळा आणि सरकारी कार्यालयांत रिकाम्या खुर्च्यांवर बसवले गेले. तेथे त्यांनी कामे केली, पण पुढे कोठे नेईल असे कौशल्य त्यांतून फारसे आले नाही. मुदत संपल्यावर त्यांनी कायम करण्याची मागणी केली आणि मोर्चे काढले, याचे मला नवल वाटले नाही. पुढची पायरी नसलेल्या जिन्यावर चढवलेला माणूस आहे त्या पायरीलाच घट्ट धरून बसणार.

आता हिशेबाच्या तिसऱ्या भागाकडे येतो: शिकून काम मिळाले नाही, किंवा मिळालेले सुटले, तर काय? बहुतेक विकसनशील देशांत या प्रश्नाचे उत्तर ‘गावी परत जायचे’ असे आहे, आणि कोरोनाच्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून माण-खटावात परतलेल्यांनी ते उत्तर अंगावर काढले. पण याच प्रश्नाला आमच्या जिल्ह्यातल्या एका माणसाने दुसरे उत्तर शोधले होते. पाटण तालुक्यातून मुंबईला जाऊन पाठीवर ओझी वाहणाऱ्या अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली, आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. माथाडीला मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. तेव्हा भविष्य निर्वाह निधी कोण भरणार, बोनस कोण देणार, अपघात झाला तर कोणाला धरायचे? कायद्याने यावर एक विलक्षण साधी तोड काढली. कामगार आणि व्यापारी या दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी द्यायची आणि लेव्हीतून निधी, उपदान, रजा, दवाखाना हे सारे पाहायचे. मालक रोज बदलला तरी कामगाराचे खाते तेच राहते.

हाच आजच्या घरपोच सेवेच्या मुलाचा प्रश्न आहे. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशवी लावून जाणारा तरुण दुपारी एका कंपनीचे जेवण पोहोचवतो आणि रात्री दुसऱ्या कंपनीचा किराणा. त्याच्या फोनमध्ये मुकादम बसलेला आहे, एवढाच फरक. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज केला होता. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे केले. ज्या राज्याने अर्ध्या शतकापूर्वी मंडळाची ही कल्पना देशाला दिली, त्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहावे, याची मला खंत वाटते.

माथाडी मंडळांत सारे आलबेल आहे असा माझा दावा नाही. बोगस माथाडींच्या नावाने कारखानदारांकडून पैसे उकळल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत आणि त्यांतल्या काही मी स्वतः वसाहतीतल्या उद्योजकांच्या तोंडून ऐकल्या आहेत. नोंदणी ओळखपत्राशी आणि मजुरी बँक खात्याशी जोडली, तर ही वाट बरीच अरुंद होईल. कंपन्यांच्या प्रत्येक फेरीची नोंद तर संगणकात आपोआप होतेच; लेव्ही मोजायला मुनीम ठेवण्याचीही गरज नाही.

बायकांच्या कामाविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यांना काम बदलणे सर्वांत महाग पडते. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग ४१.७ टक्के दिसतो आणि त्याचे कौतुकही झाले, पण त्यांतल्या मोठ्या वाट्याचे काम घरच्या शेतात, बिनमजुरीचे असते. तासगावकडच्या शेडवर बेदाणा निवडणारी बाई रोजंदारीवर असते. रंग ओळखून बेदाणा वेगळा करणारे यंत्र आले, की तिची पाटी जाते आणि यंत्रापाशी पुरुष उभा राहतो. ते यंत्र चालवायला बळ लागत नाही, नजर लागते, आणि नजर तर तिचीच होती. तिला तालुक्याच्या गावी दुपारी दोन ते पाच चालणाऱ्या वर्गाला बोलावण्यात अर्थ नाही. यंत्र बसवताना ज्या शेडला अनुदान मिळते त्यानेच तेथल्या बायकांपैकी काहींना ते शिकवावे, अशी अट घालणे अवघड नाही.

या सगळ्याला पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न शेवटी येतोच, आणि त्याचेही उत्तर या भागात एकदा सापडले आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. त्यातून राज्याची योजना झाली, १९७७ चा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या हमीचा खर्च भागवण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला: खेड्यातल्या माणसाला मागताक्षणी काम मिळावे म्हणून शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे पैसे द्यायचे. इतका सरळ करार आपल्या सार्वजनिक जीवनात फार थोड्या वेळा झाला असेल. पुढे २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, खर्चाचे वाटे बदलले, पण व्यवसाय कर सुरूच राहिला. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार रुपये माझ्याही पगारातून नोकरीभर जात होते, आणि आमच्या संस्थेतल्या निम्म्या सहकाऱ्यांना ते कशासाठी जातात हे ठाऊक नव्हते.

हमीची ती कल्पना ‘मागेल त्याला काम’ येथून ‘काम बदलू पाहणाऱ्याला शिकण्याचे दिवस’ येथवर नेता येईल. ज्याने तीन-चार वर्षे कोणत्याही मंडळाकडे नोंद राखून काम केले आहे, मग तो कोयतेकरी असो, हमाल असो, घरपोच सेवेवाला असो की बेदाणा निवडणारी बाई असो, त्याला आयुष्यात दोनदा सहा महिन्यांचे विद्यावेतन मिळावे आणि ते एखाद्या युनिटमध्ये प्रत्यक्ष काम शिकताना मिळावे. आठ हजारांनी सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार होतात. आमच्या संस्थेत शिपायापासून प्राचार्यांपर्यंत आम्ही वीस जण होतो. आम्हा वीस जणांचा वर्षाचा व्यवसाय कर पन्नास हजार व्हायचा.